घाटातलं कॅफे, कोमट चहा आणि साडेचारला "आता बंद"

आडवळण (धागाकर्ता):

बरेच दिवस या फोरमवर वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, शुद्धलेखनासकट सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात मी, बायको आणि आई असे तिघं गाडीने डोंगरात गेलो होतो. खालून निघालो तेव्हा हाफ टीशर्टवर, निम्मा घाट चढेपर्यंत काचा बंद, आणि मग एका वळणावर असं धुकं आलं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. आई मागे डोळे मिटून बसलेली, मळमळतंय म्हणत होती, बायको "थांब ना कुठेतरी" करत होती आणि मी थांबणार कुठे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तेवढ्यात डाव्या हाताला एक पिवळा बल्ब दिसला. बोर्ड नाही काही नाही, नुसता बल्ब. म्हटलं घर असलं तरी चालेल, पाणी तर देतील. रस्त्याच्या कडेला उतारावरच गाडी लावली, मागच्या चाकाला दगड लावला आणि आत गेलो.

आत पाचच टेबलं. पत्र्याचं छप्पर, लाकडी भिंती, मधोमध लोखंडी शेगडी आणि तिचा पाइप थेट छपरातून बाहेर. शेगडीभोवती कुणाकुणाची ओली जॅकेटं वाळत घातलेली, त्याचा तो ओल्या लोकरीचा वास, आणि छपरावर टपटप. मालकीणबाई साठीच्या असतील, हसणं वगैरे प्रकार नाही. आईकडे एकदा बघितलं, शेगडीजवळची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि कोमट पाणी आणून दिलं. विचारलं काहीच नाही. दहा मिनिटांत आई खिडकीतून धुक्याचे फोटो काढायला लागली.

आम्ही दोन तास बसलो. खरं सांगतो, इतकं निवांत मी कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो. आता तक्रारी. एक, कॉफी झकास पण चहा अगदीच मिळमिळीत, डोळ्यांसमोर उकळून आणला तरी दोन घोटांत कोमट. दोन, साडेचारला बाई टेबलं पुसायला लागल्या आणि म्हणाल्या आता बंद. साडेचारला! धुकं नुकतं निवळत होतं, समोरची दरी आत्ता कुठे दिसायला लागली होती. तसंच निघावं लागलं. रागाच्या भरात खाली आल्यावर तीनच स्टार दिले.

तर, तुमचे असे अनुभव सांगा. आणि डोंगरातला चहा असा का होतो हे कुणाला माहीत असेल तर तेही.

चहाटळ:

मस्त लिहिलंय. पण एक शंका. कॅफे चांगलं होतं की तुम्ही दमला होतात? तीन तास वळणं, भीती, आईची मळमळ, आणि मग शेगडी. त्या अवस्थेत बसस्टॉपही कोझी वाटला असता. तेच कॅफे तुमच्या ऑफिसखाली असतं तर पाच टेबलं आणि ओली जॅकेटं बघून उलट पावली परतला असतात :)

निवांत_नीता:

+१ चहाटळ, पण म्हणून काय झालं? भुकेल्याला गोड लागतं म्हणून जेवण वाईट ठरत नाही.

अवांतर: "कोझी"ला मराठी शब्द काय? ऊबदार म्हटलं की मला गोधडी आठवते, कॅफे नाही.

रात्रवाचक:

घरगुती? नको, घरगुती म्हटलं की खानावळ.

उकळबिंदू:

चहाचं उत्तर माझ्या आवडीच्या खात्यातलं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पाणी १०० अंशाला उकळतं हे समुद्रसपाटीपुरतं. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर, म्हणजे कमी तापमानाला उकळतं. ढोबळ हिशोब, दर ३०० मीटरला एक अंश कमी. कॅफे किती उंचीवर होतं? २००० मीटर धरलं तर तिथलं उकळतं पाणी ९३ अंशाचं. ते खळखळ उकळताना दिसतं आणि आपल्याला वाटतं झालं गरम, पण तुम्ही जाळ कितीही मोठा करा, उघड्या भांड्यात ते ९३च्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. काळ्या चहाच्या पत्तीला कडकडीत उकळतं पाणी लागतं, नाहीतर रंग येतो पण जोर येत नाही. कॉफीचं उलट, ती साधारण ९० ते ९६ अंशाला चांगली उतरते, उलट फार गरम पाण्याने कडवट होते. म्हणजे डोंगराने तुमच्या बाईंना कॉफीचं पाणी आयतंच मापात करून दिलं आणि चहाचं बिघडवलं. त्यांचा दोष नाही.

ह्यात नवीन काही नाही. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये अँडीज पर्वत ओलांडत होता तेव्हा त्याच्या बरोबरच्या दोघांनी बटाटे तासन् तास शिजवले, रात्रभर भांडं आगीवर ठेवलं, सकाळी बटाटे कडक ते कडकच. त्या दोघांनी आपसात चर्चा करून निष्कर्ष काढला की भांडं नवीन आहे आणि मेल्याला बटाटे शिजवायचेच नाहीत. म्हणून डोंगरात प्रेशर कुकर म्हणजे चैन नव्हे, गरज.

चहाटळ:

"मेल्याला बटाटे शिजवायचेच नाहीत" हसून हसून पुरेवाट. आमच्या कुकरचाही असाच स्वभाव आहे आणि आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.

आडवळण (धागाकर्ता):

@उकळबिंदू दंडवत घ्या. वळणावर दगडावर २२०० मीटर रंगवलेलं होतं. म्हणजे ९२-९३. आणि मी बाईंना म्हणालो होतो "जरा अजून उकळा ना". त्यांनी माझ्याकडे बघितलं नुसतं.

हँडब्रेक:

मी घाटात गाडी चालवण्यातच पोट भरलंय, त्यामुळे चहाकॉफीवर बोलणार नाही, थांबण्यावर बोलतो.

लोकांना वाटतं असं थांबणं म्हणजे मजा. मजा आहेच पण गाडीलाही थांबा लागतो. चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात, आणि दुसरं जास्त वाईट. लोक न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवतात आणि सगळा भार ब्रेकवर, मग करपल्यासारखा वास येतो, पेडल मऊ लागतं, आणि तेव्हा कळतं. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनने गाडी धरून ठेवायची, ब्रेक अधूनमधून. वास आला तर बाजूला घेऊन गाडी निवू द्यायची, चाकांवर गार पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकडी होते किंवा तडकते. धुक्यात हाय बीम लावायचा नाही, सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. अरुंद रस्त्यात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

आईंसाठी: पुढच्या वेळी पुढच्या सीटवर बसवा आणि म्हणावं, लांब समोरच्या रस्त्याकडे बघायचं. कानातला तोल सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात सीट स्थिर आहे, त्या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. मोबाईल तर अजिबात नको.

आणि एक विचारतो, राग मानू नका. चाकामागे लावलेला दगड निघताना उचललात ना? की तिथेच रस्त्यावर?

आडवळण (धागाकर्ता):

माहितीबद्दल धन्यवाद हँडब्रेक दादा, आईला पुढे बसवण्याचं नक्की लक्षात ठेवतो.

हँडब्रेक:

दगडाचं उत्तर आलं नाही.

रात्रवाचक:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लोकेशनदास:

सगळं छान पण कॅफेचं नाव आणि लोकेशन कुठाय? एवढं वर्णन करायचं आणि पत्ता नाही द्यायचा याला काय अर्थ. पुढच्या वीकेंडला आम्ही आठजण जाणार आहोत डोंगरात.

निवांत_नीता:

म्हणूनच देत नसतील :) पाच टेबलं आहेत तिथे.

लोकेशनदास:

अहो नीताताई, धंदा आहे तो. गिऱ्हाईक आलं तर वाईट वाटेल का त्यांना? तुम्ही लोक एखादी चांगली जागा सापडली की तिच्यावर बसून राहता, आणि मग ती बंद पडली की परत इथेच येऊन हळहळता.

आडवळण (धागाकर्ता):

लोकेशनदास, मुद्दा बरोबर आहे, मला उत्तर सुचत नाहीये. पण मी बल्ब बघून थांबलो होतो. पत्ता टाकून गेलो असतो तर पोचेपर्यंत चौऱ्याऐंशी फोटो बघून झाले असते आणि मग ती शेगडी फोटोएवढी मोठी नाही म्हणून मीच नाक मुरडलं असतं. व्यक्तिगत निरोप करा, सांगतो. आठजण असाल तर आधी कळवून जा एवढंच.

मेघना_मीटर:

मी थोडं रंगाचा बेरंग करणार आहे. असल्याच एका छोट्या जागी आम्ही थांबलो होतो, बाहेर कडाक्याचं वारं, सगळी दारं खिडक्या गच्च लावलेली आणि मध्ये घमेल्यात पेटते कोळसे. पाइप नाही, धुराडं नाही. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. मग माझं डोकं ठणकायला लागलं, बहीण जांभया देत सुस्तावली, आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण. शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी उठून काही न बोलता दोन खिडक्या उघडल्या, सगळे त्यांच्यावर ओरडले. कार्बन मोनॉक्साइड होता तो. वास नाही, रंग नाही, कोळसा निखाऱ्यावर आला की धूरही दिसत नाही, म्हणून जास्त फसवा. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारी जागाच तो अडवून बसतो.

तुमच्या कॅफेत पाइप बाहेर काढलेला होता म्हणजे बाईंना समजतं. पण उघडी शेगडी असेल तर थंडी वाजली तरी खिडकी फटभर उघडी ठेवायची, आणि खोलीत ठेवून झोपायचं तर नाहीच नाही.

उकळबिंदू:

अत्यंत महत्त्वाचं. यात एक गोंधळ होतो, २५०० मीटरच्या वर गेलं की विरळ हवेनेही डोकं दुखतं आणि मळमळतं. लोक म्हणतात उंची लागली, आणि त्याच खोलीत बसून राहतात. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर थोड्या वेळात बरं वाटलं तर शंका खोलीवर घ्या.

केटलीवाली:

हा धागा मला मैत्रिणीने पाठवला. प्रतिसाद देऊ की नको करत दोन दिवस गेले. मी सहा वर्षं असंच कॅफे चालवलंय, आडवळणांनी लिहिलंय ते नव्हे, दुसऱ्या डोंगरात, पण पाच टेबलं आणि एक शेगडी इतकं सारखं की वाचताना हातांना धुराचा वास यायला लागला.

आधी साडेचार. डोंगरात सूर्य मावळत नाही, समोरच्या धारेआड जातो, आणि तो पंचांगात दिलेल्या वेळेच्या बराच आधी जातो. गेला की दहा मिनिटांत गारठा. दिवसा तापलेली हवा दरीतून वर येत असते, सूर्य गेला की ती उलटी फिरते, गार हवा उतारावरून खाली वाहायला लागते, आणि आमच्यासारख्या उतारावरच्या घरांच्या दाराखालून आत येते. माझ्याकडे कामाला दोघी होत्या. त्यांची घरं खालच्या वाडीत, पायवाटेने पाऊण तास. अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणजे साडेचारला भांडी धुवून झालेली हवीत. समोर बसलेल्या माणसाला दरी आत्ता दिसायला लागलीय हे मलाही कळायचं हो. मी काय सांगू त्याला, की ह्या मुलीला वाटेत अंधार होईल? एकदोनदा सांगितलं. लोक म्हणाले "मग तुम्ही बसा ना, त्यांना जाऊ द्या". मग सांगणं सोडलं, टेबल पुसायला घेते.

पाणी. झऱ्यावरून पाइप आणलेला होता. थंडीत रात्री पाइप गोठतो आणि फुटतो, म्हणून नळ रात्रभर थेंबथेंब सोडून ठेवायचा, वाहतं पाणी लवकर गोठत नाही. तरी दोनदा फुटला. गोठताना पाणी फुगतं आणि लोखंडाला ऐकत नाही. त्या दिवशी बादल्यांनी पाणी आणलं आणि नेमकं त्याच दिवशी बसभर माणसं थांबली, खायला प्यायला नाही, टॉयलेटला. नाही कशी म्हणणार, पुढे कित्येक किलोमीटर काही नाही. पण एकाने तरी चहा सांगावा की नाही!

गॅस. थंडीत सिलेंडर अर्धा भरलेला असून जाळ मिणमिणतो. त्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच सोडतो, नुसता द्रव होऊन तळाला बसतो. म्हणून खरं काम लाकडाचं. आणि लाकूड आज तोडून आज जाळता येत नाही, ताज्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पावसाच्या आधी रचून, झाकून, वाळवून ठेवायचं. ओलं जाळलं तर ऊब कमी आणि धूर फार, आणि तो धूर पाइपमध्ये डांबरासारखा चिकटतो. साफ केला नाही तर एक दिवस पाइपच पेटतो. महिन्यातून एकदा छपरावर चढून मी तो पाइप खरवडायचे. तुमचं कोझी म्हणजे माझ्या नखांतली काजळी.

चहा गार का होतो, उकळबिंदूंनी सांगितलं ते बरोबर, पण अर्धंच. कपही गार असतो. फळीवर रात्रभर ठेवलेला जाड कप म्हणजे बर्फाचा तुकडाच, ओतल्या ओतल्या चहाची ऊब तोच पितो. आधी कपात गरम पाणी घालून ओतून टाकायचं, मग चहा. मी करायचे, गर्दी नसली की. गर्दीत नाही व्हायचं.

बंद का केलं ते विचारू नका, गुडघे. पण एक सांगते. एकदा दुपारी एकदम पाऊस आला, लाकडं बाहेर वाळत टाकलेली, मी आतमध्ये ऑर्डरमध्ये अडकलेली. बाहेर येऊन बघते तर एक मुलगा, तोवर कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलेला, सगळी लाकडं ओसरीत रचत होता. नीट रचत होता, साल वरच्या बाजूला. मी पैसे घेत नव्हते तर टेबलावर ठेवून गेला. परत कधी आला नाही.

निवांत_नीता:

केटलीवाली ताई, यावर वेगळा धागा काढा. अगदी हात जोडून.

आणि मला शब्द सापडला. आडोसा! कोझी म्हणजे आडोसा. वाऱ्यापासून, पावसापासून. जिथे वारा नाही तिथे आडोसाही नाही, म्हणून ऑफिसखालचं कॅफे कितीही कुशन टाकलं तरी तसं होत नाही.

चहाटळ:

मान्य, सपशेल मान्य. बसस्टॉपही आडोसाच असतो म्हणून माझंही बरोबर होतं.

उकळबिंदू:

अवांतर, पण राहवत नाही. उकळत्या पाण्याची ही भानगड मोजमापालाही वापरली गेलीय. नैनसिंग रावत यांनी वेष बदलून, लपवलेल्या उपकरणांनिशी तिबेटात सर्वेक्षण केलं, १८६६ मध्ये ल्हासात पोचले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले होते, दर शंभर पावलांना एक मणी. आणि उंची कशी मोजली? पाणी उकळायचं आणि थर्मामीटर बघायचा. लोकांना वाटत असेल बाबा चहाला पाणी ठेवतोय.

लेटलतिफ:

सगळा धागा एका दमात वाचला. माझे चार आणे: रोख पैसे ठेवा, रेंज नसली की क्यूआर कोड भिंतीवरची रांगोळी असतो. टॉयलेट वापरलं तर काहीतरी घ्या. कचरा गाडीत टाकून खाली आणा, वर घंटागाडी येत नाही. आणि वेफर्सचं पाकीट फुग्यासारखं फुगलं तर घाबरू नका, बाहेरचा दाब कमी झालाय, आतला तेवढाच आहे. आमच्या पोराने ते टाचणीने फोडलं, मी गाडी दरीत घालणार होतो.

आडवळण (धागाकर्ता):

अपडेट. गेल्या रविवारी परत गेलो. मुद्दाम लवकर निघालो, अकराला पोचलो. आई पुढच्या सीटवर, एकदाही मळमळलं नाही, उलट सगळा घाट माझ्या ड्रायव्हिंगवर टिप्पणी. धुकं नव्हतं, लख्ख ऊन, आणि खरं सांगायचं तर कॅफे जरा लहान आणि कळकट वाटलं. चहाटळ, हसू नका.

मी चहा मागितला आणि जमेल तेवढं नम्रपणे म्हणालो, कप आधी गरम पाण्याने विसळून द्याल का. बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी पण दिला होता. तुम्ही फोटो काढत बसलात." बायको इतकी हसली की शेजारचे बघायला लागले.

साडेतीनला स्वतःहून उठलो. कामवाली मुलगी कपडे बदलून पाठीला पिशवी लावून तयारच होती, तिच्या वाडीचा फाटा आमच्याच रस्त्यावर लागतो म्हणून तिला गाडीतून सोडलं. फाट्यापर्यंत ती आणि आई काहीतरी विणकामाचं बोलत होत्या.

आणि हँडब्रेक दादा, तुमचं उत्तर. निघताना मी दार लावायला गेलो तर दार आपोआप मिटू नये म्हणून खाली एक दगड लावलेला. चांगला ओळखीचा दगड. मी बघतोय हे बाईंनी बघितलं. म्हणाल्या, "तुमचाच. रस्त्यात सोडून गेला होतात, रात्री एक मोटारसायकलवाला त्यावरून पडता पडता वाचला."

हँडब्रेक:

मला माहीतच होतं.